चार नंबरचा ट्रॅक

माझ्या भाचीने कर्वेनगरची भाड्याची खोली सोडली तेव्हा तिच्याकडच्या दोन वस्तू माझ्या घरी आल्या. एक मनीप्लांट आणि एक रेकॉर्डर. मनीप्लांट पंधरा दिवसांत मेला. रेकॉर्डरने मात्र मला वेड लावलं.

तशी मी वेड लागण्याच्या वयाची नाही. तेहतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण भाचीने जेवणाच्या टेबलावर ते यंत्र ठेवलं, त्यावरच्या आठ सरकत्या पट्ट्या दाखवल्या आणि म्हणाली, "मावशी, सोपंय गं. आठ ट्रॅक आहेत. एकेका ट्रॅकवर एकेकाचा आवाज. सोलो दाबलं की तेवढाच ऐकू येतो, म्यूट दाबलं की तेवढाच बंद. आणि काहीही चुकलं तरी अनडू होतं, सो डोन्ट पॅनिक."

म्यूट दाबलं की तेवढाच बंद! साठ पोरांच्या वर्गासमोर उभं राहून तेहतीस वर्षं मी नेमक्या ह्याच बटणाची वाट पाहत होते. निवृत्तीनंतर मिळालं. आमच्या नशिबात सगळं असंच, दात पडल्यावर चणे.

पहिले चार दिवस मी घरातला-दारातला एकही आवाज सोडला नाही. कुकरची शिट्टी एका ट्रॅकवर, भंगारवाल्याची आरोळी दुसऱ्यावर, ह्यांचं पेपर वाचताना पुटपुटणं तिसऱ्यावर. मग भंगारवाल्याला पुढे सरकवायचं, शिट्टी कापायची, ह्यांना तीनदा चिकटवायचं. एका खोकल्याच्या आवाजावर मी कापणं आणि अनडू, कापणं आणि अनडू, असं चौदा वेळा केलं, नुसतं मजा म्हणून. हे म्हणाले, "तो खोकला माझा आहे. एकदा काय ते ठरव." मला हसू आवरेना.

पण असल्या खेळात शास्त्राच्या बाईचं मन किती दिवस रमणार? खरं काम समोर होतं.

हडपसरला आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना झाली की आम्ही सहा बायका गातो. मला त्यात वीस वर्षं झाली. पेटीवर कारखान्यातून निवृत्त झालेले एक भाऊ असतात आणि ढोलकीवर त्यांचे जावई. गाणी रचतात आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या ताई. विहाराच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी अभ्यासिका बांधून झाली होती आणि तिच्या उद्घाटनासाठी ताईंनी नवं गाणं केलं होतं. ते रेकॉर्ड करायचं ठरलं.

ठरवलं खरं तर माझ्या शेजारणीने. शेजारीण म्हणजे गाताना माझ्या डावीकडे बसणारी. घराने ती माझी शेजारीण नाही, ती हडपसरपलीकडे मांजरी गावात राहते. मूळची वर्ध्याकडची, लग्न करून पुण्यात आली. एरवी आमच्यासारखंच बोलते, पण रागावली, हसली किंवा गहिवरली की वर्धा बाहेर येतं. तिच्या मुलाला हैदराबादला नोकरी लागली होती आणि पुढच्या महिन्यात ती त्याच्याबरोबर कायमची जाणार होती. ती म्हणाली, "मले बाकी काही नको. आपण साऱ्याजणी एकत्र गातोय असं एक रेकॉर्डिंग पाहिजे. तिकडे कोण आहे माझं गाणारं?"

मी म्हटलं, देते. माझ्याकडे यंत्र आहे.

आणि मनात आणखी एक बेत होता, तो मी कुणाला सांगितला नाही. आमच्या गाण्यात कुठेतरी खडा लागतो, हे मला बरीच वर्षं जाणवत होतं. भात उत्तम, आणि मधेच दाताखाली कचकन. सहाजणींतली कोण ते कळत नव्हतं. आता कळणार होतं. सहाजणींना सहा माइक, पेटी-ढोलकीला मिळून सातवा. एकेकीला सोलोवर घेतलं की चोर सापडलाच.

रेकॉर्डिंगच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी तासभर विहारात गेले. प्लग दाराजवळ होता, म्हणून यंत्र दाराजवळ. समोर सहा माइकांची ओळ, भाऊंच्या ओळखीच्या मांडववाल्याकडून आणलेली. यंत्राजवळ उभं राहून, शाळेच्या ग्रुप फोटोत पोरं आपल्याकडे तोंड करून बसतात तशा आमच्या बायका बसतील, असं धरून मी वायरी जोडल्या. आमची बसायची ओळ ठरलेली आहे. मोठ्या ताई उजव्या टोकाला, मग दुसऱ्या, तिसरी मी, चौथी शेजारीण, पाचवी आमच्यातली सर्वांत धाकटी, आयटी पार्कात नोकरी करणारी मुलगी, आणि सहाव्या एक नर्सबाई. तसं यंत्रावर चिकटपट्टी लावून लिहिलं. तीनपुढे 'मी'. चारपुढे 'शेजारीण'. अक्षर सुरेख, फळ्यावरचं.

बायका आल्या, वंदना झाली आणि ताईंनी माइकांकडे पाहिलं.

"हे तोंड दाराकडे का?"

"यंत्र दाराजवळ आहे, ताई."

"म्हणजे आम्ही मूर्तीकडे पाठ करून गायचं?"

विहारात मूर्तीकडे पाठ करून कुणी बसत नाही. हे मला जन्मापासून माहीत आहे. पण वायरींच्या नादात माझ्या डोक्यातून ते साफ गेलं होतं. सगळ्या उठल्या, माइक जागच्या जागी उलटे फिरवले आणि मूर्तीकडे तोंड करून, आपल्या नेहमीच्या ओळीने बसल्या. ताई उजव्या टोकाला. मी दाराजवळ जाऊन बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि पळत येऊन माझ्या जागेवर बसले. गाणं झालं. सोलापूर रस्त्यावरच्या एका ट्रकने मधे हॉर्न वाजवला, तेवढं सोडलं तर पहिल्या दमात झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा बंद करून, हेडफोन लावून मी बसले. घाम गळतोय आणि मी खुशीत. हॉर्न कापला. ढोलकीचा एक ठोका निसटला होता, तो पहिल्या कडव्यातून उचलून तिथे बसवला. कुणाला पत्ता लागणार नाही असा बसला! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग खड्याकडे वळले. भाचीने शिकवल्याप्रमाणे आवाज डावी-उजवीकडे पसरले होते, आणि खडा ऐकू येत होता ओळीच्या मधून. म्हणजे तीन किंवा चार.

तीनवर मी होते. चारवर सोलो दाबलं.

अरे देवा, असं आम्ही म्हणत नाही, पण दुसरं काही सुचलं नाही. आवाज पातळ, नाकातला, आणि सुराशी भांडण असल्यासारखा. ओळीचे पहिले दोन शब्द बरोबर आणि मग जी उतरण लागायची ती लागायची. बिचारी शेजारीण! वीस वर्षं माझ्या कानाशी गातेय आणि मला समजलं नाही!

मग तीनवर सोलो दाबलं, म्हणजे स्वतःवर.

काय सांगू? आवाज भरदार, गोल, प्रत्येक सूर जिथल्या तिथे. मी खुर्चीतून उठले. परत लावलं. परत ऐकलं. मला कुणी सांगितलं कसं नाही? तेहतीस वर्षं मी बेडकाचं विच्छेदन शिकवत बसले आणि गळ्यात हे होतं? मी ह्यांना हाक मारली, "अहो, इकडे या, ऐका." ह्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. कोण गं ही?"

"मी!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "चहा टाकू का?" बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी आपण होऊन चहा टाकला की समजावं, काहीतरी बोलायचं टाळताहेत. पण मी तेव्हा हवेत होते.

पुढच्या रविवारी मी विहारात काय केलं ते आठवलं की आजही अंगावर शहारा येतो. सगळ्यांसमोर, वर्गात पेपर वाटतात त्या आवाजात, मी सांगितलं की गाणं उत्तम झालंय, फक्त चार नंबरचा ट्रॅक बेसूर आहे आणि तो बंद ठेवावा लागेल. "वाईट वाटून घेऊ नकोस," मी शेजारणीला म्हटलं. "यंत्र खोटं बोलत नाही."

भाऊंनी पेटीचा भाता उगाच उघडला आणि मिटला. धाकटी काहीतरी म्हणायला गेली, "पण काकू—" तेवढ्यात शेजारणीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "बरं. बंद कर."

एवढंच. घरी येऊन मी चारवर म्यूट दाबलं.

गुरुवारी सगळं पक्कं करायला बसले. ताईंना दुसऱ्या कडव्याआधी घसा खाकरायची सवय आहे, तेवढं काढायचं राहिलं होतं. ताई एक नंबरवर. सोलो दाबलं, आणि एक नंबरवर ताई नव्हत्याच. नर्सबाई होत्या. त्यांचा आवाज जाडसर, हजारात ओळखू येईल असा. मी सहावर गेले. तिथे ताई, खाकरण्यासकट. पाचवर गेले. धाकटी तिथे असायला हवी होती, ती सापडली दोनवर.

पेन्सिल घेऊन मी कागदावर ओळ काढली. दार इथे, मूर्ती इथे, तोंडं अशी. मग तोंडं फिरवली. सगळी ओळ उलटली. एकच्या जागी सहा, दोनच्या जागी पाच.

तीनच्या जागी चार.

पेन्सिल खाली ठेवली. पाणी प्यायले. मग चार नंबर पुन्हा लावला आणि ह्या वेळी मन घट्ट करून ऐकला. "वर्गात शांतता पाळा" हे वाक्य त्याच नाकातल्या आवाजात कसं ऐकू येईल ते मनात म्हणून पाहिलं. तंतोतंत. तेहतीस वर्षं पोरं माझी नक्कल का करायची, तेही कळलं.

बेसूर मी होते. आणि ज्या गळ्याच्या प्रेमात मी आठवडाभर पडले होते, तो मी सगळ्यांसमोर बेसूर ठरवला होता.

मग मी तीन नंबर, म्हणजे तिचा खरा ट्रॅक, सुरुवातीपासून, एकही जागा न गाळता ऐकला. आधी मी मधल्या रिकाम्या जागा पुढे सरकवून टाकायची, कारण त्यांत गाणं नव्हतं. आता ऐकल्या तर त्या रिकाम्या नव्हत्या. प्रत्येक ओळीच्या आधी, एक ठोका आधी, तिने मिटल्या ओठांनी सूर दिलेला होता. अगदी हळू. पुढची ओळ ज्या सुरावर सुरू होते, नेमका तोच. तीन आणि चार एकत्र लावले. तिचा सूर येतो, त्यावर मी चढते, दोन शब्द सरळ चालते, मग घसरते. पुन्हा तिचा सूर, पुन्हा मी. दर ओळीला. ती माझ्याच कानात गात होती, मलाच वर ओढत होती, आणि हे काही त्या एका रविवारचं नव्हतं. मी ढसाढसा रडले. ह्यांनी पुन्हा चहा टाकला.

यंत्र पिशवीत घालून, रिक्षा करून मी तडक मांजरीला गेले. उसाच्या कडेला उभ्या राहिलेल्या नव्या सोसायटीत नवव्या मजल्यावर ती खोक्यांमध्ये बसली होती. कप वर्तमानपत्रात गुंडाळणं चाललं होतं.

"बेसूर तू नाहीस," मी दारातूनच म्हटलं. "मी आहे. ट्रॅक उलटे झाले."

"हो ना," ती म्हणाली आणि पुढचा कप उचलला. "मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू आलीस त्याच्या दुसऱ्या रविवारपासून."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर मी तुझी एवढी—"

"काय बोलू? तुझं नाव घेतलं असतं तं पुढच्या रविवारी तू आली असतीस काय?"

आले नसते. मी मला ओळखते. काहीतरी गुडघेदुखीचं कारण काढलं असतं आणि पुन्हा विहाराच्या गाण्याकडे फिरकले नसते.

"मी तं चाललीच आहे," ती म्हणाली. "माझा आवाज राहिला काय अन् गेला काय. तुले इथंच राहायचं आहे ना, बाई."

खोकी चुकवत जाऊन मी तिच्या गळ्यात पडले. दोन कप फुटले. मग ती म्हणाली, "मले ऐकव बरं तुझा." हेडफोनचा एक कान तिने घेतला, एक मी, आणि मी स्वतःवर सोलो दाबलं.

पहिल्या ओळीला ती गंभीर होती. दुसरीला तिचा खांदा हलायला लागला. तिसऱ्या ओळीत जिथे माझी उतरण लागते तिथे ती म्हणाली, "थांब, थांब. इथं पाह्य कशी चाललीस तू. निघालीस हडपसरला अन् पोचलीस सासवडला!" आम्ही फरशीवर बसून हसलो. परत लावलं, परत हसलो. तिची सून बाहेर येऊन पाहून गेली. माझ्या पोटात कळ आली, तिला ठसका लागला, आणि तो ठसका ऐकून आम्ही पुन्हा हसलो. इतकं हसणं मला शाळेत असतानाही आठवत नाही.

हसू ओसरल्यावर मी तिला सांगितलं, की आता तुझा ट्रॅक मोठा केलाय आणि चार नंबर बंदच ठेवणार आहे. माझी हरकत नाही. गाणं ऐकून बघ, किती स्वच्छ झालंय.

तिने ऐकलं. तोंड उतरलं. हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"हे काय आहे?"

"गाणं."

"अन् मी मधेमधे ऊं ऊं कायले करून राहिली? लोक म्हणतील बाई गाताना कण्हते." ती खरंच रागावली होती. माझ्यावर ती रागावलेली मी वीस वर्षांत पाहिली नव्हती. "मी कुणाले सूर देऊन राहिली? भिंतीले? मले साऱ्याजणी पाहिजेत म्हटलं होतं. मोजून सहा. तिकडे जाऊन मी काय ऐकू, तुझी रिकामी जागा? घाल परत."

"अगं, पण बेसूर—"

"असू दे. माझं काम ऐकू आलं पाहिजे."

मी तिथेच, तिच्यासमोर, म्यूट काढला. पट्टी हळूहळू वर सरकवली. ती "अजून" म्हणाली तशी अजून. मग म्हणाली, "बस. एवढी पुरे. एवढी मोठीही नको." हा पुण्याचा गुण तिला तीस वर्षांत लागलाच होता.

रविवारी मी विहारात उभी राहिले. सांगितलं, की चूक माझी होती, ओळ उलटली होती, बेसूर मी आहे, आणि हिची मी सगळ्यांसमोर माफी मागते. मला वाटलं होतं, हल्लकल्लोळ होईल. काही झालं नाही. भाऊ पेटीवरून वर बघत म्हणाले, "बाई, आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." ताई म्हणाल्या, "मी म्हणूनच गाण्यात उंच जागा घालत नाही." नर्सबाई म्हणाल्या, "झालं का? सुरू करू या का?" सगळ्या विहाराला माहीत होतं. एकट्या मलाच माहीत नव्हतं. मी आधी चिडले, मग ढोलकीवाले जावई तोंड फिरवून हसताना दिसले आणि मलाही हसू फुटलं. गाणं सुरू व्हायला वीस मिनिटं लागली.

अभ्यासिकेच्या उद्घाटनाला ते रेकॉर्डिंग वाजलं. सहाच्या सहा. दुसऱ्याच आठवड्यात शेजारीण गेली. गाणं तिच्या फोनमध्ये होतं.

त्यानंतरच्या रविवारी विहारात जायचं म्हणून मी साडी नेसले आणि तासभर तशीच बसून राहिले. आता मी बेसूर आहे हे मला माहीत होतं, आणि सूर देणारी हैदराबादला होती. जावं, नुसते ओठ हलवावेत आणि यावं, असं ठरवून निघाले. वंदना झाली. आम्ही बसलो. माझ्या डावीकडे एका माणसाची जागा मोकळी होती आणि तिकडे बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

त्या जागेत कुणीतरी सरकलं. आमची धाकटी. आयटी पार्कवाली. पाचव्या जागेवरून उठून ती मला अगदी खेटून बसली, ओढणी सावरली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "काकू, त्या जाताना मला हँडओव्हर देऊन गेल्यात. तीन दिवस व्हिडिओ कॉलवर ट्रेनिंग झालंय माझं. एक ठोका आधी, ओठ मिटून, तुमच्या बाजूला मान करून. पण मी नवीन आहे, सो थोडं सांभाळून घ्या."

मी काही म्हणणार, तेवढ्यात पेटी सुरू झाली. पहिल्या ओळीला तिचा सूर यायला उशीर झाला आणि मी एकटीच सुटले, तोंड उघडून, खणखणीत. भाऊंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या ओळीला सूर वेळेवर आला.